‘कुठं’ हा रकाना

बोरगव्हाण
११ नोव्हेंबर १९८५

चि. रामकिशन यास,

पंचफुला अक्काचा जयभीम.

दीड वर्ष तुझा कागद नाही म्हणून मीही लिहीत नव्हते. आज लिहिते आहे ते ख्यालीखुशाली विचारायला नव्हे. परवा तहसिलात मी तुझी सही पाहिली.

पाऊस यंदा पोळ्याआधीच गेला. ज्वारी गुडघ्याएवढी होऊन वाळली, कापसाला बोंड धरलं नाही. गेले पाच गुरुवार आपली वस्ती नदी ओलांडून सावळीच्या बाजारात जाते, चिंचेखाली उभी राहते आणि तशीच परत येते. तू लहानपणी आईच्या कडेवर बसून त्याच चिंचेखाली जात होतास. अकरा गावचे मजूर तिथं उभे राहतात, आठवड्याचा रोज तिथं ठरतो. हणमंतराव देशमुख आईला लांबून हाक मारायचे, “भामाबाई, वीस बाया घेऊन ये.” यंदा ते बाजारात आले ते मान खाली घालून. म्हणाले, “यंदा माझ्याच हिरीत बेडूक मेलेत, बाई. कशाला येऊलालात?”

म्हणून मी चौसष्ट जणांचे नमुना चारचे अर्ज भरले. अक्षर माझं, अंगठे त्यांचे. पन्नास माणसांनी मागणी केली की रोजगार हमीचं काम काढावं लागतं, एवढं माझ्यासारख्या बालवाडीच्या बाईलाही कळतं. आपल्या वरच्या ओढ्यावर पाझर तलाव धरा, असं आमचं म्हणणं. नरसिंगदादा आणि मी अर्ज घेऊन तहसिलात गेलो. कारकून भला माणूस. त्यानं कपाटातून एक चक्रमुद्रित पुस्तक काढलं आणि बोट ठेवून वाचून दाखवलं. ‘नवनिर्मित लातूर जिल्ह्यातील मजुरांची पाहणी.’ त्यात लिहिलंय, उत्तर सीमेवरच्या पट्ट्यात शेकडा एक्क्याण्णव प्रौढ मजुरांना आठवडाभर काम असते. उलट शेतकऱ्यांना मजूर मिळत नाहीत. सबब या पट्ट्यात नवी कामे धरण्याची गरज दिसत नाही.

“तुमच्यात मजूर कमी पडतेत म्हनून लिहिलंय,” कारकून म्हणाला. “आन तुमी तर गठ्ठाभर अर्ज घिऊन काम मागाया आलाव.”

शेवटच्या पानावर सही होती. र. भा. कांबळे, संशोधन अधिकारी. ‘र’ची शेपटी तू अजून तशीच लांब ओढतोस. पाटीवर ती ओढायला मीच शिकवली होती. नरसिंगदादाला वाचता येत नाही हे बरं झालं. पण माझं तोंड बघून त्यानं ओळखलंच. बाहेर आल्यावर म्हणाला, “आपलाच हाय का?” 

एक्क्याण्णव टक्के काम कुठं होतं, रामकिशन? बोरगव्हाणात? बोरगव्हाणात आपल्या माणसाला काम कधी होतं?

लोकांनी तुला ‘काम आहे’ असं सांगितलं हे खरं. का सांगितलं, ती वेगळी गोष्ट. पण ते काम नदीपल्याडचं होतं, नांदेड जिल्ह्यातलं होतं, हे जगात कुणाला माहीत नसलं तरी तुला माहीत होतं. हे दुरुस्त कर. दोन ओळींचं पत्र तहसीलदाराला लिही. तेवढंच.

तुझी,
अक्का


बोरगव्हाण
६ डिसेंबर १९८५

रामकिशन,

तुझं उत्तर मिळालं. आज सहा डिसेंबर, सकाळी वस्तीत मेणबत्त्या लावल्या, वंदना झाली आणि मग तुझं पत्र पुन्हा वाचलं. आजच्या दिवशी रागावू नये म्हणतात. मला जमलं नाही.

तू लिहितोस, “जिल्हा हा पाहणीचा एकक होता. हद्दीबाहेरील रोजगाराची नोंद करणे आमच्या कक्षेत नव्हते. कार्यालयीन बाबींविषयी घरगुती पत्रव्यवहार करू नये.” खाली सही, आणि ‘आईस नमस्कार’. आईला वाचून दाखवताना मी शेवटचे दोनच शब्द वाचले.

एकक म्हणजे काय ते मी शाळामास्तरांना विचारलं. ते म्हणाले, मोजायचं माप. मग मला सांग, तुझं माप कुणी केलं? तीन वर्षांमागं लातूर वेगळा जिल्हा झाला तेव्हा आपल्या वस्तीनंही साखर वाटली. जिल्ह्याचं गाव जवळ आलं म्हणून. तेव्हा कुणाला ठाऊक होतं की नवं कार्यालय नवे नकाशे काढील, नव्या नकाशातली माणसं नव्यानं मोजील, आणि मोजणारा नदीच्या काठावर येऊन पेन्सिल थांबवील! तुझ्या फॉर्मवर ‘गेल्या आठवड्यात काम केले काय’ असा रकाना होता. मी बघितलाय, तू माझ्याच ओसरीवर बसून भरत होतास. त्यापुढं ‘कुठं’ असा रकाना नव्हता. एक रकाना. एवढी जागा कागदावर नव्हती?

तुझ्या हातातल्या पाकिटावरचा शिक्का बघ. सावळी, जिल्हा नांदेड. आपलं टपाल तिथून, दळण तिथं, डॉक्टर तिथला, गुणाबाईची लेक तिथं दिलेली. इकडं आपलं काय आहे? सातबारा म्हणशील, तर तो आपल्या नावावर आहे कुठं?

आणि ही हद्द आपण का ओलांडली, हे आईनं तुला शंभरदा सांगितलंय. छप्पन सालानंतर आपल्या लोकांनी मेलेली जनावरं ओढायचं सोडलं. गावानं तोंडी हुकूम काढला, यांना रानात पाऊल ठेवू देऊ नका. आठ दिवस चुली थंड होत्या. नवव्या दिवशी, गुरुवारी, आजा सोळा माणसं घेऊन नदीत उतरला. पल्याड गेला आणि चिंचेखाली उभा राहिला. तिथं कुणी जात विचारली, कुणी नाही विचारली, पण खुरपं हातात दिलं. त्या दिवसापासून आपलं कामाचं गाव सावळी. बोरगव्हाणचे शेतकरी अजून म्हणतात, मजूर मिळत नाही. मिळणार कसा? तो त्यांनीच नदीपार घालवला. तू ते ‘मजुरांची टंचाई’ म्हणून लिहून घेतलंस. त्यांच्या ओसरीवर चहा चांगला मिळाला असेल.

आता ऐक, पुढं काय झालं. सावळीच्या माळावर नांदेडकडच्यांनी नालाबांधाचं काम धरलंय. इथून दोन मैल. आई परवा पहाटे भाकरी बांधून निघाली. मी नको म्हणत होते. बासष्ट वर्षांची बाई. “बसून खायची सवं न्हाई मला,” म्हणाली. मुकादमानं नाव विचारलं, गाव विचारलं आणि हजेरीपट मिटला. “मावशे, तुमचा जिल्हा दुसरा. वरून हुकूम हाय, आपल्याच तालुक्याची मानसं घ्यायची. तिकडंच मागा तुमच्या सायबाला.”

आई म्हणाली, “माझा लेकच सायब हाय.”

तो हसला. बाकीचेही हसले. आईला कळलं नाही ते का हसले. संध्याकाळी तिनं मला विचारलं. मी सांगितलं नाही. तूच सांग.

पंचफुला


बोरगव्हाण
२ जानेवारी १९८६

रामकिशन,

या वेळी तू उत्तरच दिलं नाहीस. हे बरं. निदान कक्षा कळली.

आमच्या अर्जाचं उत्तर मात्र आलं. सरकार कायद्याला पक्कं आहे. हमी जिल्ह्याची, म्हणून जिल्ह्यात जिथं काम असेल तिथं जा. काम आहे निलंग्याच्या पलीकडं, कर्नाटकाच्या शिवेवर, रस्त्याची खडी फोडायची. इथून दोन एसट्या बदलून पुरा एक दिवस. नाही गेलात तर मागणी रद्द.

बावीस माणसं गेली. नरसिंगदादा गेला, त्याची बायको सरजाबाई गेली आणि आई गेली. दोन तान्ही लेकरं बरोबर होती, त्यांना सांभाळायला म्हणून. सांभाळायचं नुसतं नाव. हजेरीवर तिचं नाव आहे आणि हातात हातोडा.

नरसिंगदादा परवा तांदूळ न्यायला परत आला. वस्तीनं त्याला गराडा घातला. मुलूख कसा आहे, विचारलं.

“लई झ्याक,” तो म्हणाला. “आपलाच जिल्हा हाय म्हनं. दुकानदार कानडी बोलतंय, मी मराठी बोलतो, दोघंबी मान हलवतो. मीठ मागितलं तर गूळ दिला. आन सावळीत माझी भाची नांदती, तिथं मी परका!”

सगळे हसले. मग तो माझ्याकडं वळला. “बाई, सायबाला कळवा. म्हनावं, तुमच्या आईचा डावा आंगठा ठेचलाय. सहीचा.”

मी विचारलं, किती लागलंय? तो म्हणाला, “नख गेलंय. म्हातारी म्हनती, रामकिशनला लिहू नका, तेला ऑफिसात काम असतंय.”

मी लिहिते आहे.

जाताना तो आणखी एक बोलला, सगळ्यांसमोर. “आमी तवा सायबापुढं बराबर उत्तरं दिली नव्हं, बाई? तुमच्याच शाळंत पाठ केली होती.” तो हसत होता, पण डोळ्यांनी नाही. त्याचं बोलणं सोडून दे. दुष्काळात माणसाची जीभ सुटते.

बालवाडीत एकतीस मुलं होती, आता अकरा आहेत. वस्तीत ठरलंय, शिमग्यापर्यंत वाट बघायची. तोवर ओढ्यावर काम निघालं नाही तर सगळेच हैदराबादला बांधकामावर जाणार. तिकडचा मुकादम येऊन नावं घेऊन गेलाय. सगळे म्हणजे सगळे. मग इथं मी, समाजमंदिराचं कुलूप आणि तुझा अहवाल. त्यात लिहिलेलं मग खरं होईल. पट्ट्यात एकही बेकार माणूस सापडणार नाही.

पंचफुला


बोरगव्हाण
२७ जानेवारी १९८६

रामकिशन,

आईला खोकला लागला म्हणून नरसिंगदादानं तिला एसटीत बसवून दिलं. ती आली आणि पहिल्यांदा काय म्हणाली असेल? “तू तेला वाईट कागद लिहितीस का?” नरसिंगनंच सांगितलं असणार. मी म्हटलं, हाव, लिहिते. ती भिंतीकडं तोंड करून निजली. दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मी तिचा अंगठा धुते, पट्टी बांधते आणि ती वर बघत नाही. तुझ्यावरच्या रागाची किंमत माझ्याकडून अशी वसूल होते.

आज सकाळी ती बोलली. म्हणाली, “तेचं काय चुकलं? आपुनच सांगितलं की.”

मग मला जे तीन पत्रांत लिहिता आलं नाही ते आज लिहिते.

चौऱ्याऐंशीच्या जानेवारीत तुझा निरोप आला, सरकारी जीपनं येतोय, वस्तीची मोजणी करायला. त्या दिवशी मी शाळा लवकर सोडली. घरोघर गेले. सरजाबाईच्या ओसरीवर सगळ्यांना जमवलं आणि सांगितलं, आपला रामकिशन साहेब होऊन येतोय. बरोबर दुसरे साहेब असतील, ड्रायव्हर असेल. त्यांच्यापुढं आपली वस्ती भिकारी दिसायला नको. काम आहे का विचारलं तर हाय म्हणायचं. रिकामं कुणी नाही. हात पुढं करायचा नाही, रडगाणं गायचं नाही. दोनदा म्हणवून घेतलं, बालवाडीतल्या पोरांकडून घेते तसं.

तेव्हा कापसाची वेचणी होती, बहुतेकांना पल्याड काम होतंच. पण सगळ्यांना नव्हतं. म्हाताऱ्या होत्या, गुडघे धरलेले होते. गुणाबाई तीन आठवडे तापानं पडून होती, तिनंही खाटेवरून ‘हाय’ म्हटलं. आणि आई? ती कोरी साडी नेसून पहिली बसली होती. तू विचारलंस, “नाव?” सगळे हसले. ती म्हणाली, “लिही, भामाबाई. काम हाय म्हनून लिही. सात दिस.” तुझी छाती फुगलेली मी बघितली. माझीही फुगली होती. दुसरे साहेब तुला म्हणाले, “कांबळे, तुमचं गाव मोठं कष्टाळू आहे हो.” त्या एका वाक्यावर मी वर्षभर जगले.

तो खोटेपणा माझा आहे. तो मी नाकारत नाही.

पण तू सुटत नाहीस. आम्ही शिकलो नव्हतो, तू शिकला होतास. आम्ही अब्रूसाठी बोललो, तू ते आकडे म्हणून लिहिलंस. खाटेवर कुडकुडणारी बाई सात दिवस कामाला जाते, हे लिहिताना तुझी पेन्सिल अडली नाही? गुणाबाईनं तुला अंगावर पाजलंय. तुला आमचं उत्तर खोटं आहे हे कळत होतं आणि ते तुला हवं होतं. साहेबांपुढं तुलाही भिकारी वस्ती नको होती. रकाना नव्हता म्हणतोस, पण रकाना असता तरी ‘सावळी’ असं तू लिहिलं नसतंस. कारण मग कुणीतरी विचारलं असतं, आपलं गाव सोडून ही माणसं नदीपार का जातात? आणि तुला ते सांगावं लागलं असतं.

माझं मी पुढं काय करणार ते ठरवलंय. तुझं तू ठरव.

पंचफुला


बोरगव्हाण
१६ फेब्रुवारी १९८६

रामकिशन,

परवा तालुक्याला टंचाईची बैठक होती. जिल्ह्याहून नवे साहेब आले होते. आम्ही चाळीस जण गेलो, खडीच्या कामावरून आलेला नरसिंगदादाही होता. आई नको म्हणत असतानाही आली.

साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग तुझं पुस्तक उघडलं. “हे लिहिणारा अधिकारी याच तालुक्यातला दिसतो. त्याला तुमच्यापेक्षा कमी माहिती असेल का?”

नरसिंगदादानं माझ्याकडं बघितलं. मी उभी राहिले. म्हटलं, “साहेब, तो माझा धाकटा भाऊ आहे. आणि वस्तीनं त्याला दिलेली उत्तरं मी पढवली होती.” जे तुला लिहिलं ते सगळं सांगितलं. पाठीमागं आपल्या गावचा शिवमूर्ती सावकार हसला. “बघा, आता बहीनच म्हनती खोटं हाय. उद्या म्हनंल, दुष्काळबी पढवलाय.” सभा हसली. हसू दे.

मग मी सोबत नेलेली वही साहेबांपुढं ठेवली. गेले तीन गुरुवार मी पहाटे नदीच्या उतारावर बसते. पाणी नाहीच, माणसं कोरड्या वाळूतूनच जातात. कोण उतरलं, कोणत्या गावचं, पल्याड कशाला निघालं, आणि परतताना, काम मिळालं का, हे लिहिते. एकट्या आपल्या गावची नव्हे, या काठाच्या सहाही गावांची. पहिल्या गुरुवारी तीनशे बारा माणसं गेली. काम मिळालं नऊ जणांना. आठवडी बाजाराला जाणारे मी धरले नाहीत, टोपलं आणि खुरपं घेतलेलेच धरले. वहीत ‘कुठं’ हा रकाना मी पहिला आखलाय, नावाच्याही आधी.

साहेबांनी वही बराच वेळ चाळली. एकदा विचारलं, “म्हणजे तुमचा जिल्हा लातूर आणि कामाचा बाजार नांदेड?” मी म्हटलं, आमचा बाजार सावळी, साहेब. पुढचं तुमच्या नकाशाला विचारा.

शेवटी म्हणाले, “बाई, तुमची वही सरकारी कागद होऊ शकत नाही. फेरमोजणी करू. पण पहिला अहवाल ज्यानं दिला त्यानंच पहिली मोजणी चुकली असं लेखी द्यावं लागेल. म्हणजे मग मला ओढ्यावरचं काम या महिन्यातच मंजूर करता येईल.” तुला पत्र धाडतो म्हणाले. एव्हाना मिळालं असेल.

लेखी दिलंस तर तुझी बढती अडेल, हे मला कळतं. औरंगाबादेत तुझ्या घरी काय बोललं जाईल, तेही कळतं. मी तुला शाळेसाठी पाठीवर घेऊन नदी ओलांडली आहे, म्हणून तू ऋणी आहेस असं मी म्हणणार नाही. त्याचा इथं संबंध नाही. तू चुकीचं लिहिलंस. ते खोड.

फेरमोजणी सत्तावीस तारखेला ठरली आहे, आणि तीही तूच करायची आहे. गुरुवार मीच मागून घेतला. जीपनं वस्तीत येऊ नकोस. पहाटे नदीच्या उतारावर ये, जिथं आजा पहिल्यांदा उतरला होता तिथं. ओसरीवर कुणी बसलेलं नसेल, चहा नसेल, कुणी कोरी साडी नेसणार नाही. चालती माणसं थांबवून विचार.

आई तिथं पहिली उभी राहणार आहे. काल रात्री मी तिला म्हटलं, तू राहू दे, तुझं वय झालं, तुला मोजलं नाही तरी चालेल. ती पट्टी बांधलेला अंगठा बघत बसली. मग म्हणाली, “तेला माझ्या तोंडावर इचारू दे.”

ती काय उत्तर देणार ते मी विचारलं नाही. या वेळी मी कुणालाच काही पढवलेलं नाही.

तुझी,
अक्का